टेकडीवरची पाण्याची पाळी

पुणेकर ‘टेकडी’ म्हणतात तेव्हा बहुधा वेताळ टेकडी आणि तिला लागून असलेली सोंडांची रांग अभिप्रेत असते. या रांगेचा विधी महाविद्यालयामागचा भाग लॉ कॉलेज टेकडी, वाहन संशोधन संस्थेजवळचा भाग एआरएआय टेकडी म्हणून ओळखला जातो. वेताळबाबाच्या देवळाजवळचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंच, म्हणजे खालच्या वस्तीपासून अडीचशे मीटरच्या आत. डोंगर म्हणून तो किरकोळ आहे. पण बागेसारखे तिकीट नाही आणि घरून चपला घालून निघाले की अर्ध्या तासात माथा गाठता येतो. ‘रोज एक टेकडी मारतो’ हे वाक्य या भागात रक्तदाबाच्या आकड्याइतक्याच अभिमानाने सांगितले जाते.

जमिनीची मालकी मात्र एकाची नाही. काही भाग वनखात्याचा, काही महापालिकेचा, काही शिक्षणसंस्थांचा आहे. त्यामुळे देखभाल कोणी करायची हा प्रश्न वर्षानुवर्षे मधल्यामध्ये राहतो आणि रोज येणाऱ्यांचे गट ती जागा भरून काढतात. प्रस्तुत लेखक ज्या उतारावर बारा वर्षे जात आहे, तिथे असे सहा गट होते: सकाळी फिरणारे ज्येष्ठ, पळणारे, पक्षी पाहणारे, झाडे लावणारे, मुलांना घेऊन येणारे पालक आणि खाणीच्या कडेला व्यायाम करून मोठमोठ्याने हसणारे. या शेवटच्यांबद्दल बाकीच्या पाचांचे एकमत होते. इतर कोणत्याच बाबतीत नव्हते.

भांडणाचे मूळ पायवाटा. चढ टाळण्यासाठी वाट नागमोडी घातलेली असते; घाईत असलेला माणूस वळणे सोडून सरळ उतरतो. चार जणांनी तसे केले की गवत जाते, पावसाचे पाणी त्याच रेषेने धावते, मुरूम वाहून जातो आणि दोन पावसाळ्यांत वाटेची घळ होते. पळणाऱ्यांना हीच सरळ उतरण प्रिय होती. झाडे लावणाऱ्यांनी पाणी मुरावे म्हणून उताराला आडवे चर खणले, त्यांत ज्येष्ठांचे पाय अडकू लागले. प्रस्तुत लेखक झाडे लावणाऱ्यांत होता. उघडा माळ म्हणजे ओसाड जागा, अशी या गटाची ठाम समजूत होती, आणि तिच्या भरात माथ्यावरच्या गवताळ पट्ट्यातही खड्डे घेतले गेले. चंडोलासारखे पक्षी जमिनीवर, गवताच्या आडोशाने घरटी करतात, हे पक्षी पाहणाऱ्यांनी बरेच चढ्या आवाजात सांगितले. त्यांचे बरोबर होते. ते खड्डे पुन्हा बुजवावे लागले.

देवळाजवळच्या खडकावर रविवारी सकाळी सहाही गटांच्या बैठका सुरू झाल्या. पहिल्या तिन्हींत गाऱ्हाण्यांपलीकडे काही झाले नाही. गाडे पुढे सरकले ते हिशेबामुळे. पुण्यात पाऊस सुमारे 700 मिलिमीटर, तोही चार महिन्यांत. बेसॉल्टवरची माती वीतभर. नोव्हेंबरपासून जूनपर्यंत रोपाला बाहेरून पाणी द्यावे लागते. उतारावर तीनशे रोपे होती. प्रत्येकी आठवड्याला दहा लिटर धरले तरी तीन हजार लिटर, म्हणजे पाच लिटरचे सहाशे कॅन, म्हणजे रोज पंचाऐंशीच्या वर. झाडे लावणारे होते पंचवीस, त्यांतले उन्हाळ्यात गावाला न जाणारे पंधरा.

त्यामुळे पाण्याची पाळी लागली, कालव्यावर शेतकऱ्यांची लागते तशी. पायथ्याच्या एका सोसायटीने नळ दिला. वर जाणाऱ्या प्रत्येकाने एक कॅन न्यायचा आणि रिकामा खाली आणायचा. ज्येष्ठांसाठी दोन लिटरच्या बाटल्या ठेवल्या. हसणाऱ्या गटाची हजेरी सर्वांत चोख निघाली. पाणी वाहणारा माणूस आळ्यावरून पळत नाही आणि आपण जगवलेल्या हिवराशेजारून सरळ उतरणही धरत नाही, त्यामुळे पायवाटेचा वाद निम्मा तिथेच मिटला. उरलेला देवघेवीने मिटला: दोन उतरणी काट्या टाकून बंद झाल्या, बदल्यात पळणाऱ्यांना सकाळी सहाच्या आधी मुख्य वाट मोकळी मिळाली; चर वाटेपासून दूर सरकले; माथ्याचा माळ माळच राहिला. पुढच्या लागवडीत गिरिपुष्पाला जागा नव्हती. ते झपाट्याने वाढते, म्हणून पूर्वी पुण्याच्या टेकड्यांवर भरपूर लावले गेले; मात्र त्याच्या दाटीत स्थानिक झाडे फारशी उठत नाहीत. हिवर, खैर, मेडशिंग, पळस निवडले गेले.

वणव्याने तिसऱ्या वर्षी चाळीसेक रोपे नेली. त्यानंतर दर जानेवारीत, गवत पूर्ण वाळण्याआधी, वाटेच्या दोन्ही बाजूंचा पट्टा कापून साफ करण्याचे काम सुरू झाले. ते कंटाळवाणे असते आणि त्याचे फोटो कोणी काढत नाही.

टेकडीवर येणारे वाढले ते नवे काही बांधल्यामुळे नव्हे. एकच कमी चढाची फेरवाट दगडांच्या कडांनी आखली गेली, बसायला जागोजागी सपाट दगड मांडले गेले. गुडघेदुखीमुळे पायथ्याशीच थांबणारे लोक त्या वाटेने खाणीपर्यंत येऊ लागले. शनिवारी मुले येऊ लागली.

बालभारती ते पौड फाटा हा महापालिकेचा प्रस्तावित रस्ता याच टेकडीच्या अंगावरून जाणारा आहे. त्याविरुद्ध एप्रिल 2023 मध्ये नागरिकांची पदयात्रा निघाली, तेव्हा सहाही गट चालले. कोणता गट पुढे राहील यावरून आदल्या रात्री थोडा वाद झाला होता.

जूनमध्ये पाऊस लागला की कॅन सोसायटीच्या जिन्याखाली ठेवले जातात. त्याच सुमारास नवरंग पक्षी येतो आणि खाणीमागची आडवाट दोरी बांधून बंद केली जाते. दोरी सप्टेंबरअखेरीस निघते, कॅन नोव्हेंबरात.