जमिनीवरच्या गुरू

कॅनडात एडमंटनजवळच्या एका छोट्या विमानतळावर मी विमान चालवायला शिकलो. आकाशातलं प्रशिक्षकांनी शिकवलं. हिवाळ्यात विमान हँगरमधून सुखरूप बाहेर काढायला आणि परत जागेवर लावायला मात्र शिकवलं तिथल्या मेकॅनिक बाईंनी. साठी ओलांडलेल्या, मोजकं बोलणाऱ्या या बाईंचे माझ्यावर फार उपकार आहेत.

पहिल्याच हिवाळ्यात, उणे २५ अंशांच्या थंडीत, हँगरसमोर गुळगुळीत बर्फ धरला होता. बाईंनी खिशातून खिळे बसवलेल्या रबरी पट्ट्या काढल्या, बर्फावर गुडघा टेकला आणि त्या माझ्या बुटांवर चढवू लागल्या. वडीलधाऱ्या बाईने माझ्या पायांना हात लावावा! संकोचून मी पाय मागे घेतला. त्यांनी घोटा घट्ट धरला. “आधी तुझे पाय, मग विमानाची चाकं,” एवढंच म्हणाल्या.

सेसना १७२ हे विमान रिकामं असताना साधारण ७५० किलोचं असतं. कोरड्या काँक्रीटवर ते ढकलायला जोर लागतो, तर बर्फावर ते थांबवायला. पाणी वाहून जावं म्हणून हँगरबाहेरच्या जमिनीला उतार असतो. तिथे विमान एकदा घसरलं, की माणसाची ताकद पुरत नाही. म्हणून बाई आधी वाळू टाकायच्या, तीही चाळलेली, कारण खडा उडाला तर प्रोपेलरला खाच पडते. मिठाला तर त्या हातही लावू देत नसत. मिठाने ॲल्युमिनियम गंजतं.

चाकं जमिनीला गोठून चिकटली, तर इंजिनाच्या जोरावर ती उपटायची नाहीत. गरम हवा सोडायची आणि वाट पाहायची. गरम पाणी ओतलं, तर तेच पुन्हा गोठतं. ओल्या बर्फातून आल्यावर पार्किंग ब्रेक लावून ठेवायचा नाही, कारण ब्रेक रात्रीत गोठतात. चाकांवरची आवरणं हिवाळ्यापुरती काढून ठेवायची. त्यांत बर्फ भरून चाक अडकतं. ढकलताना हात पंखाखालच्या तिरक्या दांड्यावर ठेवायचा, शेपटीच्या आडव्या पंखावर कधीच नाही. टो-बारने, म्हणजे पुढच्या चाकाला अडकवायच्या दांड्याने, ते चाक मधल्या रेषेपासून ३० अंशांपलीकडे वळवायचं नाही आणि काम होताच टो-बार काढून ठेवायचा. प्रोपेलरला तर हातच लावायचा नाही. इंजिनाला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. त्यात बिघाड असेल, तर किल्ली बंद असूनही इंजिन सुरू होऊ शकतं, आणि बर्फावर मागे उडी मारायला पाय रोवत नाहीत.

एकदा इंजिनाला गरम हवा देत असताना त्यांनी १९२९ सालची गोष्ट सांगितली. उत्तरेकडच्या फोर्ट व्हर्मिलियनला घटसर्पावरचं प्रतिविष पोचवण्यासाठी वॉप मे आणि व्हिक हॉर्नर हे वैमानिक २ जानेवारीला उघड्या कॉकपिटच्या ॲव्हरो एव्हियनमधून एडमंटनहून निघाले आणि दुसऱ्या दिवशी पोचले. त्या काळी थंड मुलखात रात्री इंजिनातलं तेल काढून घेत आणि सकाळी तापवून परत ओतत. उड्डाणाचं कौतुक वैमानिकाच्या वाट्याला येतं, पण फावडं मारणारे, तेल तापवणारे हातही त्या उड्डाणात असतात, असं बाईंचं म्हणणं. हे मला मनापासून पटलं. मी जी उड्डाणं केली, त्यांत त्यांचे हात होते.

घाई करणाऱ्याला त्या विमानाजवळ फिरकू देत नसत. शिकवण्याचे पैसेही त्यांनी कधी घेतले नाहीत. आता त्या निवृत्त झाल्या आहेत. नवा विद्यार्थी आला, की मी त्याला आधी खिळ्यांच्या पट्ट्या देतो, मग वाळूची बादली.

आपल्या मुलामुलींपैकी कुणी अशा थंड मुलखात विमान शिकायला जाणार असेल, तर त्यांना एवढं जरूर सांगा: आकाशात नेणारा प्रशिक्षक शोधाच, पण त्याआधी बर्फावर हळू चालायला शिकवणारं माणूस शोधा आणि त्याचा शब्द मोडू नका.