आधी धबधबा, मग उन्हाळे!

मीरा रोड, भाईंदर, काशीमिरा या भागात राहणाऱ्या भगिनींनो, वज्रेश्वरी तुम्हाला नवी नाही हे मला ठाऊक आहे. लग्नानंतर ओटी भरायला, नवरात्रात दर्शनाला, नाहीतर कुणाचा नवस फेडायला अशी कधी ना कधी तुमची तिथे फेरी झालेलीच असणार. पण खरं सांगा, तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात तुम्ही स्वतः किती वेळा उतरलात? बहुतेकींचे उत्तर मला माहीत आहे. यजमान उतरले, मुले उतरली, दीर-भाचे उतरले आणि आपण काठावर बसून सगळ्यांचे कपडे, चपला, घड्याळे आणि पाकिटे सांभाळली. "आता तू जा" असे कुणी म्हणेपर्यंत पुरीभाजीचे डबे उघडायची वेळ झाली!

म्हणून या वेळी सुचवते आहे ती जरा निराळी सहल. दहा-बारा जणींची, एकाच दिवसाची आणि बरोबर वाट दाखवणारी एक माहितगार बाई घेऊन केलेली. सकाळी तुंगारेश्वरचा ओढा आणि धबधबा, दुपारी अकलोली-गणेशपुरीची गरम कुंडे आणि दिवेलागणीच्या आत घरी. आमच्या इमारतीतल्या बायकांनी मिळून अशी सहल केली, तेव्हा जे कळले ते तुमच्या कामी यावे म्हणून लिहिते.

केव्हा जावे?

धबधबा हवा तर पावसाळा आणि गरम कुंड हवे तर थंडी, अशी आपली समजूत असते. दोन्ही एका दिवसात हवे असेल तर गणपती विसर्जनानंतरचे दिवस उत्तम. पाऊस ओसरलेला असतो, ओढे अजून वाहते असतात आणि पितृपंधरवड्यात देवळांत गर्दी बेताची असते. फक्त आपल्या घरची तिथ सोडून दिवस धरायचा. आणि हो, रविवार नको. रविवारी महामार्गावर नुसती गाड्यांची रांग.

पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. परतीच्या पावसाचे ढग बहुधा दुपारनंतर जमतात. म्हणून धबधबा नेहमी सकाळी आणि कुंड नंतर. उलटा क्रम करू नका.

चिमाजी अप्पांच्या वाटेने

सकाळी सव्वासहाला काशीमिऱ्याहून निघालो की वर्सोव्याच्या पुलाआधी डाव्या अंगाला घोडबंदरचा किल्ला राहतो. आपण रोज या नावाच्या रस्त्याने जा-ये करतो, पण इतिहास कुठे आठवतो? हा किल्ला १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला. मग उत्तनजवळचा धारावीचा किल्ला पडला आणि १७३९ च्या मे महिन्यात वसई. या मोहिमेत असताना चिमाजी अप्पांनी वडवलीला देवी वज्रेश्वरीला नवस बोलला, की वसई मिळाली तर तुझे देऊळ बांधीन. तो नवस फेडला गेला, तेच आजचे वज्रेश्वरीचे देऊळ. म्हणजे बघा, मोहीम आपल्या दारातून गेली आणि नवस तिथे फेडला गेला. आपली गाडीही साधारण त्याच मुलखातून जाते.

पूल ओलांडल्यावर चिंचोटीचा फाटा लागतो. तिथल्या धबधब्याचे नाव तुम्ही ऐकले असेल, आणि दुर्दैवाने वर्तमानपत्रातच ऐकले असेल. तिथे आजवर अनेक तरुण मुले बुडाली आहेत आणि पावसाळ्यात पोलिसांकडून तिथे जाण्याला मनाई केली जाते. आपण तिकडे वळायचे नाही. पुढे तुंगारेश्वरचा फाटा येतो, तिथे उजवीकडे वळायचे. मात्र निघण्याआधी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाचा काही मनाई आदेश आहे का, याची फोनवर चौकशी करा. आदेश असेल तर सरळ वज्रेश्वरी गाठा. कुंडे काही पळून जात नाहीत.

बाराच जणी का?

तुंगारेश्वर हे २००३ सालापासून अभयारण्य आहे. फाट्यापासून महादेवाच्या देवळापर्यंत तीन-चार किलोमीटरची जंगलातली वाट. चढ बेताचा, साडीवरसुद्धा जमेल, पण पायांत घसरणारी चप्पल नको, बूटच हवेत. ओढ्याचे पाणी वाटेच्या संगतीनेच खळखळत असते. परशुरामाने तुंग नावाच्या असुराला इथे मारले अशी कथा सांगतात.

आमच्याबरोबर पायथ्याच्या गावातली एक बाई होती. तिने पहिली गोष्ट काय केली असेल? पाण्याच्या कडेचा एक काळा दगड दाखवून म्हणाली, "ताई, हा दगड बघून ठेवा." आम्हाला वाटले, देवाचा असेल! आम्ही घोट्याएवढ्या पाण्यात बसलो, वरून धार पडत होती, स्वच्छ ऊन होते. दहा-पंधरा मिनिटांनी ती एकदम उठली. "वर या. सगळ्या वर या. पिशव्या राहू द्या." आवाज चढवला नाही, पण असा होता की कुणी 'का' विचारले नाही. तिने बारा डोकी मोजली. आम्ही बाजूच्या चढावर उभ्या राहून पाहतो तो पाण्याचा रंग चहासारखा झालेला, त्यात पाने आणि काटक्या वाहत आलेल्या. थोड्याच वेळात तो काळा दगड दिसेनासा झाला. आमच्या डोक्यावर थेंब नव्हता. पाऊस वर डोंगरात पडला होता आणि त्याचे पाणी आता खाली पोचत होते. कुणाची एक पिशवी आणि दोन टॉवेल गेले, तेवढ्यावर निभावले.

आता सांगा, पन्नास जणींची बस घेऊन गेलो असतो तर तिचा आवाज कितीजणींना ऐकू गेला असता? डोकी कुणी मोजली असती? म्हणून म्हणते, बाराच जणी. एका नजरेत मोजता येतील इतक्याच.

त्या बाईने सांगितलेली लक्षणे इथे मुद्दाम लिहिते. पाणी गढूळ होऊ लागले, पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज जड झाला किंवा खूण केलेला दगड बुडू लागला, की त्याच क्षणी बाहेर. ओढा ओलांडून पलीकडे जायचे नाही, आपल्याच काठाने उंचावर चढायचे. गेलेल्या चपलेमागे धावायचे नाही. डोंगरावर काळोख दिसला तर पाण्यात पाऊलच टाकायचे नाही. हे कात्रण कापून फ्रिजवर चिकटवा आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना वाचून दाखवा. "मित्राकडे जातो" म्हणून बाहेर पडणारी पोरे कुठे जातात ते आपल्याला नेहमी कळतेच असे नाही. "जाऊ नको" हे ती ऐकणार नाहीत, पण "पाणी चहासारखं झालं की बाहेर ये" हे लक्षात ठेवतील.

अशी वाट दाखवणारी बाई ही काही आपल्याकडचीच गोष्ट नाही. न्यूझीलंडमध्ये रोटोरुआला जमिनीतून उकळते पाणी आणि वाफ उसळते. तिथे पाहुण्यांना फिरवण्याचे काम माओरी स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या. पुढे पंचम जॉर्ज झालेले राजपुत्र १९०१ साली सपत्नीक तिथे गेले, तेव्हा मॅगी पापाकुरा या माओरी स्त्रीने त्यांना तो परिसर दाखवला. पाऊल कुठे ठेवावे हे तिथे राहणारीलाच कळते. तेव्हा आपल्या वाट दाखवणारीची मजुरी ठरवताना घासाघीस नको, आणि डबा उघडाल तेव्हा पहिले पान तिचे.

पाणी ऊन का?

पुन्हा महामार्गाला लागून शिरसाड फाट्यावरून उजवीकडे वळले की पारोळ, उसगाव करत गाडी वज्रेश्वरीला पोचते. देवळाला किल्ल्यासारखा तट आहे. पायऱ्या बावन्न. वाटेत पायरीवर कासव कोरलेले आहे, त्याला हळदकुंकू वाहतात. गुडघे दुखत असतील तर कासवापाशी थांबून श्वास घ्या, देवी रागावत नाही.

दर्शन झाले की तिथून जवळच तानसा नदीच्या काठाने अकलोली आणि गणेशपुरी. गणेशपुरीला स्वामी नित्यानंदांची समाधी आहे. ८ ऑगस्ट १९६१ रोजी त्यांनी देह ठेवला. तिथल्या भीमेश्वराच्या देवळापाशीही ऊन पाण्याची कुंडे आहेत.

देवीने मारलेल्या राक्षसांचे रक्त म्हणजे हे गरम पाणी, अशी जुनी कथा. मुले विचारतात, "आई, खाली ज्वालामुखी आहे का?" तर नाही. पावसाचे पाणी काळ्या खडकाच्या खोल भेगांतून मुरत मुरत खाली जाते. पोटात जावे तसतशी पृथ्वी तापत जाते, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी. तिथे तापलेले पाणी दुसऱ्या भेगेने वर येते, येताना खडकातले क्षार घेऊन येते. म्हणून त्याची चव किंचित खारट आणि वास गंधकाचा. पालघरकडच्या कोकणेरपासून थेट राजापूरपर्यंत कोकणात अशा झऱ्यांची रांगच आहे. पालीजवळचे उन्हेरे, दापोलीकडचे उन्हवरे, राजापूरचे उन्हाळे, ही गावांची नावेच सांगतात की इथले पाणी ऊन आहे.

उतरण्यापूर्वी

कुंडे सारखी नसतात, एखादे कोमट तर एखादे चटका देणारे. आधी हाताचे कोपर बुडवून पाहा, बाळाच्या अंघोळीचे पाणी पाहतो तसे. मग पाय आणि मग हळूहळू कमरेपर्यंत. दहा मिनिटे पुरेत. चक्कर आली तर लगेच बाहेर, आणि उठताना सावकाश. रक्तदाबाच्या, हृदयविकाराच्या भगिनींनी डॉक्टरांना विचारूनच उतरावे, आणि गरोदर असाल तर या खेपेला कुंड नको. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल तर विशेष जपा, भाजलेले कळत नाही.

त्वचेच्या विकारावर हे पाणी गुणकारी अशी श्रद्धा आहे. पण पाणी सगळ्यांचे एकच असते, तेव्हा जखम किंवा वाहते खरूज असेल तर उतरू नका, आपल्यासाठी आणि दुसऱ्यांसाठीही. चेहऱ्यावर घेऊ नका, पिऊ तर मुळीच नका. साबण नको. चांदीची जोडवी, पैंजण काढून पुरचुंडीत बांधा, गंधकाने ती काळी पडतात. बायकांसाठी आडोसा सगळीकडे सारखा नसतो, म्हणून एक जुनी जाड चादर आणि चार सेफ्टी पिना हव्यातच. बाहेर आल्यावर मीठ-जिरे घातलेले ताक प्या. जेवण अंघोळीनंतर, आधी नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही एवढे पुरते. मसालेभात करायच्या भरीस पडू नका, नाहीतर पहाटे चारपासून पुन्हा तुम्ही ओट्यापाशीच!

आमच्यात एक काकू होत्या, पासष्टीच्या. लग्न झाल्यापासून आठ वेळा वज्रेश्वरीला आलेल्या. प्रत्येक वेळी सामानापाशी बसलेल्या. या खेपेलाही सवयीने काठावर बसून सगळ्यांच्या पिशव्या ओढून घेऊ लागल्या. तेव्हा आम्ही पाळ्याच लावल्या, सहाजणी पाण्यात आणि सहाजणी काठावर. काकू पहिल्या पाळीत. त्यांनी पाय सोडले, कमरेपर्यंत उतरल्या आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, एवढं ऊन असतं होय हे!" चाळीस वर्षे घरातल्या सगळ्यांकडून त्यांनी त्या पाण्याचे वर्णन ऐकले होते.

तेव्हा भगिनींनो, या वर्षी विसर्जन आटोपले की मनावर घ्या. बारा नावे लिहा. गाडीभाड्याचे पैसे आधीच जमवा, हिशेबाची वही एकीकडेच ठेवा. पायथ्याच्या गावात चौकशी करून वाट दाखवणारी बाई आधी ठरवा. घरी आदल्या दिवशीच सांगून ठेवा, की उद्या संध्याकाळची खिचडी घरातल्या माणसांनी टाकायची आहे. डाळ-तांदूळ कुठल्या डब्यात आहेत तेवढे मात्र दाखवून जा. आणि कुंडाच्या काठी पाळ्या लावायला विसरू नका. पहिल्या पाळीत, नेहमी सामान सांभाळते तिला पाठवा.