चांदाची बारावी

नानीला माहेरी न्यायचे ते पाण्यानेच, असे मामूंनी चांद दिसला त्याच रात्री ठरवले होते. माहेर काही परदेशात नाही. राजपुरीच्या धक्क्यावर उभे राहिले की खाडीपलीकडचे डोंगर दिसतात, त्यांच्या पायथ्याने आत वळले की तिचे गाव. आगरदांड्याहून दिघीला फेरीबोट आहे, तिच्यात मोटारीही चढतात. पण गुडघे गेल्यापासून नानीला मोटारीतली चढउतार आणि पुढचा रस्ता सोसवत नाही. धाकट्या बहिणीला, आमच्या छोट्या नानीला, तिने चार वर्षे पाहिले नव्हते.

मामूंची होडी मासेमारीची. जाळी उतरवून तिला दोनदा धुतले तरी वास राहिलाच. मधोमध गादी टाकली, उन्हासाठी वर चादर बांधली. दिवस मात्र मामूंनी हिशोबाने निवडला होता. चांदाच्या तारखेची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. पंधरा तारखेनंतर पुन्हा एकपासून मोजायचे. बारावीला नऊ वाजता. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, पण आमच्या किनाऱ्यावर हा हिशोब अजून चालतो. पाणी भरले की होडीचा काठ धक्क्याच्या बरोबरीला येतो. नानीने बिस्मिल्ला म्हणून सपाट जमिनीवर टाकावे तसे पाऊल होडीत टाकले.

दिवसभराची सुट्टी होती, म्हणून आधी जंजिऱ्याला फेरा घातला. किल्ल्याचा दरवाजा राजपुरीकडे तोंड करून आहे, तरी होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो दोन बुरुजांच्या आडोशात दिसत नाही. प्रवासी शिडाच्या होड्यांतून तिथे उतरत होते. आम्ही नानीसाठी उतरलो नाही, नुसते तटाच्या कडेने फिरलो. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून इथपर्यंत दगडांचा सेतू घालायला घेतला होता, तरी किल्ला सिद्दींकडेच राहिला. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. शाळेतल्या पुस्तकात जंजिरा म्हणजे लढाई एवढेच असते. नानीला आठवत होती ती आतली वस्ती. चहूबाजूंनी खारे पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव. तिच्या लहानपणी तिथे राहणारी माणसे बाजाराला होडीने राजपुरीला येत.

मग मुलांनी पद्मदुर्गाचा हट्ट धरला. शिवाजी महाराजांनी कासा बेटावर, जंजिऱ्याला शह द्यायला बांधलेला हा किल्ला उत्तरेला, मुरुडसमोर आहे. मामू घड्याळ पाहत होते, पण नाही म्हणाले नाहीत. तिथेच नाश्ता झाला. सांदणे, तांदळाच्या भाकऱ्या, जवळ्याची चटणी. वाऱ्यात भूकही दुप्पट लागते. खाडीत परत शिरून, दिघी बंदराच्या क्रेन मागे टाकून आत पोहोचेपर्यंत दीड वाजला.

आणि पाणी गेलेले. नानीच्या गावचा जुना धक्का उघडा पडला होता, त्याच्या आणि आमच्यामध्ये दीडदोनशे हात चिखल. फेरीबोट सुरू झाल्यापासून त्या धक्क्याला कोणी वापरत नाही, गाळ कोणी काढत नाही. खांद्यावरून नेऊ, असे आमच्यातला एकजण म्हणाला. नानीने फक्त त्याच्याकडे पाहिले.

मामूंनी नांगर टाकला. पलीकडे छोटी नानी नातसुनेचा हात धरून धक्क्यावर आली होती. मग दोघी मोबाइलवर बोलत बसल्या, समोरासमोर, मध्ये चिखल. ‘तू वाळलीस,’ ही म्हणाली. तिचे उत्तर आम्हाला ऐकू आले नाही, पण हिने पदर तोंडाला लावला. जरा वेळाने दोघी हसत होत्या. किनाऱ्यावरची मुले चिखलात खेकडे पकडत होती. आम्हाला वाईट वाटत होते, हट्ट आमच्यामुळेच झाला होता. पण मामू रागावले नाहीत, चादरीखाली आडवे झाले.

जोहरसाठी खाडीच्याच पाण्याने वजू केले. ओहोटीमुळे होडीची नाळ आत डोंगराकडे होती, म्हणून किब्ला मागे, सुकाणाच्या बाजूला आला. अस्रला उठलो तर होडी नांगराभोवती फिरून तिची नाळ समुद्राकडे झालेली, आणि किब्ला पुढे. पाणी उलटले हे आम्हाला असे कळले. नानी म्हणाली, आता येईल.

साडेपाचच्या पुढे चिखल झाकला गेला. मामूंनी इंजिन बंद करून वल्ह्याने होडी धक्क्याला लावली. काठ अजून दोन हात खालीच होता. तरीही दोघांनी धरून नानीला वर घेतले. दोघी बहिणी काहीच बोलल्या नाहीत, दुपारी सगळे बोलून झाले होते बहुतेक. नुसत्या एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या.

मगरीब गावच्या मशिदीत झाली. चहा झाला. बाहेर तेराव्या रात्रीचा चांद नारळींच्या वर आला होता. ‘अम्मा, निघायचे ना?’ मामूंनी विचारले.

नानी ओटीवरून हलली नाही. बोटांची पेरे मोजत म्हणाली, ‘वीस तारखेला ये. पावणेचारला पाणी भरेल. आणि या वेळी किल्ले बघत बसू नको.’