ताईचं हॉस्पिटल

ऑफिसचा जुना लॅपटॉप परत द्यायचा होता म्हणून शनिवारी सकाळी बॅकअप घेत बसलो होतो. त्यात एक फाइल सापडली. नाव होतं 'बीएमटी_तुलना_फायनल_५'. (आधीच्या चार फायनलही शेजारीच होत्या.) फाइल उघडली आणि बॅकअप राहिला बाजूला.

ताईला एएमएल, म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा कर्करोग, निघाला तेव्हा ती ३५ वर्षांची होती. सासर साताऱ्याचं, भाची नुकतीच पहिलीत गेलेली. पहिल्या केमोनंतर आजार आटोक्यात आला, म्हणजे रेमिशन मिळालं. पण डॉक्टर म्हणाले, हिच्या जनुकीय तपासणीचा रिपोर्ट बघता नुसत्या केमोवर हा उलटण्याची भीती जास्त आहे, ट्रान्सप्लांट करून घ्या. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. ताईला भावंड एकच, अस्मादिक. आणि जुळलं की हो! आयुष्यात लॉटरी लागली ती अशी.

"आता कुठे करायचं ते ठरवा. दोन महिन्यांच्या आत व्हायला हवं," डॉक्टर म्हणाले.

संकट आलं की आई देवापुढे बसते, मी एक्सेल उघडतो. शेवटी तीन हॉस्पिटलं उरली. एक पुण्यातलंच खाजगी, माझ्या फ्लॅटपासून पंचवीस मिनिटांवर. दुसरं मुंबईतलं ट्रस्टचं, खर्च जवळजवळ निम्मा, पण वेटिंग लिस्ट. तिसरं दक्षिणेतलं, खूप वर्षांचा अनुभव आणि तिघांत सगळ्यात जास्त ट्रान्सप्लांट. भारतातलं पहिलं बोनमॅरो ट्रान्सप्लांट मुंबईत टाटा मेमोरियलला १९८३ साली झालं, वेल्लोरच्या सीएमसीत १९८६ साली. हे सगळं मी तेव्हा पाठ केलं होतं. सतरा कॉलम, प्रत्येकाला वेटेज, खाली वेटेड ॲव्हरेज. नवीन लॅपटॉप घेताना करतो अगदी तस्सं.

पहिला कॉलम अर्थातच 'सक्सेस रेट'. एका ठिकाणच्या काउंटरवरच्या मुलीने हसतमुखाने सांगितलं, "सर, एटी फाइव्ह पर्सेंट." मी लगेच ८५ भरून टाकले. आमच्या डॉक्टरांना शीट दाखवली तर त्यांनी एवढंच विचारलं, "कुणाचे ८५?"

मग समजलं, ट्रान्सप्लांट हा एकच शब्द असला तरी त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑटोलोगस म्हणजे पेशंटच्याच मूळ पेशी आधी काढून ठेवायच्या, जोरदार केमो द्यायची आणि त्याच पेशी परत सोडायच्या. त्यात जीवाचा धोका बराच कमी. ॲलोजेनिक म्हणजे दुसऱ्याच्या पेशी. तिथे नवीन आलेल्या पेशी पेशंटच्याच त्वचेवर, आतड्यांवर, लिव्हरवर हल्ला करू शकतात. दोन्हींची बेरीज करून काढलेली टक्केवारी ताईच्या काहीच कामाची नाही. शिवाय ८५ टक्के जगले, पण कधीपर्यंत? शंभराव्या दिवसापर्यंत की दोन वर्षांपर्यंत? आणि रेमिशनमध्ये आलेले पेशंट होते की आजार बळावलेले? जे हॉस्पिटल अवघड केसेस घेतं त्याचा आकडा कमीच दिसणार. म्हणजे माझा सगळ्यात जास्त वेटेज असलेला कॉलम मातीमोल. च्यायला.

मग आकड्याऐवजी प्रश्न घेऊन फिरलो. मोठ्या माणसांची, एएमएलची, भावंडाच्या पेशींनी केलेली ट्रान्सप्लांट गेल्या वर्षी किती केलीत? वर्षभरानंतर त्यातले किती बरे आहेत? खोल्यांना हेपा फिल्टर आणि पॉझिटिव्ह प्रेशर आहे का, म्हणजे दार उघडलं की हवा बाहेर जाते की आत येते? इरॅडिएटेड रक्त आणि प्लेटलेट्स तुमच्याच ब्लड बँकेत मिळतात की बाहेरून आणायच्या? (दात्याच्या रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी पेशंटला घातक ठरू नयेत म्हणून ते रक्त किरणोत्सर्ग देऊनच चढवतात. प्लेटलेट्स तर जेमतेम पाच दिवस टिकतात.) पॅकेज किती दिवसांचं आणि त्यात काय धरलेलं नाही? पुण्याच्या पॅकेजवर १७ लाख लिहिलं होतं, पण ते तीस दिवसांचं होतं आणि त्यात 'कॉम्प्लिकेशन्स वेगळे'. आमचा इन्शुरन्स ५ लाखांचा.

गंमत म्हणजे ज्या डॉक्टरांनी सगळ्यात कमी आकडा सांगितला, त्यांनीच कागद घेऊन पाऊण तास समजावलं होतं.

एवढं सगळं करूनही शीटमध्ये दक्षिणेतलंच हॉस्पिटल वर येत होतं. रविवारी साताऱ्याला गेलो. डोक्याला स्कार्फ बांधून ताई ओट्यापाशी स्टुलावर बसली होती. लॅपटॉप तिच्यापुढे ठेवून मी प्रेझेंटेशन सुरू केलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"बंड्या, यातून घरी सोडल्यावर मी कुठे असणार?"

"तिथेच. हॉस्पिटलजवळ खोली घ्यायची. शंभर दिवस तरी."

"बरोबर कोण?"

"आई. आणि दाजी."

"आईला तिथली भाषा येत नाही. यांची रजा बिनपगारी. पोरगी कोणाकडे? आणि रात्री दोन वाजता मला ताप आला तर आई रिक्षा शोधणार?" मग स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाली, "याचा कॉलम कुठाय?"

कॉलम नव्हता. सतरा होते, तो नव्हता. मी सगळा हिशोब हॉस्पिटलच्या आतल्या महिन्याचा केला होता. ताई बाहेरच्या महिन्यांबद्दल विचारत होती.

त्याच रात्री अकरा वाजता तिन्ही हॉस्पिटलांना फोन केला. ट्रान्सप्लांट झालेल्या पेशंटला आत्ता ताप आला तर काय करायचं, एवढाच प्रश्न. तिघांनीही नीट उत्तरं दिली. पुण्यात फोन थेट ट्रान्सप्लांट युनिटच्या सिस्टरने घेतला आणि म्हणाली, "कॅज्युअल्टीत थांबायचं नाही, सरळ वर यायचं. निघताना फक्त फोन करा." मुंबईची वेटिंग तीन महिन्यांवर होती, आणि आमच्याकडे होते दोन.

पुणं ठरलं. ते सगळ्यात चांगलं हॉस्पिटल होतं म्हणून नव्हे, तर आमच्या घराला झेपेल असं होतं म्हणून. दाजींनी गावाकडची वीस गुंठे जमीन काढली. त्यावर ते एक शब्द बोलले नाहीत, त्यामुळे मीही जास्त लिहीत नाही.

माझं काम त्यामानाने किरकोळ. पाच दिवस इंजेक्शनं, फ्लूसारखी हाडं दुखली, मग साडेचार तास मशीनला जोडून घेऊन दोन सिनेमे. संध्याकाळी ती पिशवी सलाइनसारखी ताईला लावली. या दिवसाला 'डे झिरो' म्हणतात. (मोजणी शून्यापासून! मला एकदम घरच्यासारखं वाटलं.) सतराव्या दिवशी पांढऱ्या पेशी सलग तिसऱ्यांदा पाचशेच्या वर आल्या. सव्विसाव्या दिवशी ताई माझ्या फ्लॅटवर आली.

एक्केचाळिसाव्या रात्री आईने मला हलवून उठवलं. दोनला दहा कमी. १०१.८ ताप, ताई थडथड कापत होती. फोन केला, गाडी काढली, रस्ते रिकामे. तीनच्या आत पहिलं अँटिबायोटिक लागलं होतं. छातीत बसवलेल्या नळीतून इन्फेक्शन झालं होतं. नऊ दिवस परत ॲडमिट आणि पॅकेजच्या बाहेरचं बिल. त्या रात्री कॉरिडॉरमध्ये बसून मी ताईच्या त्या एका वाक्याचाच विचार करत होतो.

दक्षिणेत नेलं असतं तर? कदाचित तो ताप आलाच नसता. कदाचित तिथल्या अनुभवी टीमने जास्त सहज निभावलं असतं. ही टेस्ट दोनदा रन करता येत नाही. माझ्या टीममधल्या एकाने त्याच्या वडिलांना तिकडेच नेलं आणि त्याचं छान झालं. त्यांच्या घरची दोन माणसं मोकळी होती, आजार जास्त गुंतागुंतीचा होता, त्यांना तेच बरोबर होतं. म्हणून कोणी "कुठे करू?" असं विचारलं की मी नाव सांगत नाही. प्रश्नांची यादी देतो आणि म्हणतो, आधी पेशंटला विचार.

येत्या फेब्रुवारीत दोन वर्षं होतील. अधूनमधून ताईच्या तोंडात फोड येतात, उन्हात गेली की अंगावर लाल चट्टे उठतात, गोळ्या चालू आहेत. लहान बाळासारखी सगळी लसीकरणं पुन्हा करावी लागली. भाचीला भारी गंमत वाटली. रक्तगट बी पॉझिटिव्हचा ओ पॉझिटिव्ह झाला, म्हणजे माझा. आता ताई चिडली की दाजी माझ्याकडे बघतात.

असो. बॅकअप अजून अर्धाच झालाय. फाइल काही डिलीट करवली नाही. अठरावा कॉलम टाकला, नाव दिलं 'रात्री दोन वाजता', आणि सेव्ह केली. फायनल_६.