दुरून डोंगर धूसर

तुमच्या घरी आठ-दहा वर्षांचं मूल असेल, तर आज संध्याकाळी एक करून बघा. त्याला खिडकीत उभं करा आणि रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी वाचायला सांगा. का, ते पुढे सांगते. त्याआधी एका जुन्या कम्प्युटर गेमबद्दल बोलावं लागेल, कारण आमच्या घरी ही गोष्ट त्या गेममधल्या डोंगरांपासून सुरू झाली.

मी मूळची साताऱ्याची. लग्नानंतर, २००७ साली, बंगळुरूला आले आणि तेव्हापासून यशवंतपूरला राहते. आमच्या भागात सगळं अगदी अंगाशी आहे. रेल्वेच्या शिट्ट्या, मार्केट यार्डात शिरणारे कांद्या-बटाट्याचे ट्रक, तुमकूर रोडवरची मेट्रो, आणि वाऱ्याने साथ दिली तर साबणाच्या सरकारी कारखान्याकडून येणारा चंदनाचा वास. नाही ते एकच, लांबचं काही. माहेरी अंगणात आलं की समोर अजिंक्यतारा. इथे गॅलरीत आलं की समोरच्या इमारतीतल्या काकूंचे वाळत घातलेले कपडे.

त्या पहिल्या वर्षी नवरा कामावर गेला की घर खायला उठायचं. भाषा येत नव्हती, नोकरी मिळायची होती. घरात एक कम्प्युटर होता आणि त्यात नवऱ्याने आणलेला एक गेम. ‘द एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतला चौथा, ‘ऑब्लिव्हियन’. २० मार्च २००६ रोजी तो बाजारात आला होता. हा रोल-प्लेइंग प्रकारातला गेम. म्हणजे आपण एक पात्र व्हायचं, त्याचं नाव-रूप ठरवायचं आणि एका अख्ख्या प्रांतात वाट फुटेल तिकडे भटकायचं. सुरुवातीला तुम्ही तुरुंगात असता. तिथून गटारांच्या अंधाऱ्या वाटेने बाहेर पडता आणि एकदम समोर पाणी, पलीकडच्या तीरावर पांढऱ्या दगडांचे भग्न अवशेष आणि मागे डोंगर.

लढाया, राक्षस, जादू यात मला फारसा रस नव्हता. माझा जीव अडकला तो त्या डोंगरांत. लांबवर बघता येत होतं आणि जे दिसतं तिथे चालत जाता येत होतं! नव्या गावात चार भिंतींत बसलेल्या मुलीला त्याचं काय वाटलं असेल, ते माहेर सोडून आलेल्यांना सांगायला नको.

पुढे नोकरी लागली, मुलगा झाला, गेम कपाटात गेला. मागच्या वर्षी आवराआवरीत ती डिस्क सापडली. मुलगा दहा वर्षांचा. “आई, तू गेम खेळायचीस?” एवढ्या आश्चर्याने विचारलं की मी लगेच जुन्या कम्प्युटरवर तो घालून दाखवला. २०२५ मध्ये याच गेमची नव्याने सजवलेली आवृत्ती आली आहे, पण ती आमच्या कम्प्युटरला झेपणारी नव्हे. म्हटलं, जुनंच बरं.

गटारातून बाहेर आलो आणि माझा हिरमोड झाला. पाणी होतं, अवशेष होते, पण डोंगर? हिरव्या-तपकिरी रंगात बुडवलेलं फडकं पसरावं तसे. पायाशी गवताचं पातं अन् पातं दिसतंय आणि जरा पुढे सगळा चिखल. २००७ साली मला हे खटकलंच नव्हतं. मनात अजिंक्यतारा होता, तोच मी त्या चिखलावर बघत असणार.

असं का असतं, ते सोपं करून सांगते. संगीत नाटकात मागे राजवाड्याचा रंगवलेला पडदा असायचा, आठवतो? पुढचा पाट, समई, तंबोरा खरा. मागचा महाल मात्र चित्रातला. गेमही तेच करतो. तुमच्याभोवतीचा साधारण दीडशे मीटरचा परिसर तो खराखुरा मांडतो, दगड-धोंडे, झुडपं, पायवाटा सगळं. त्यापलीकडे जमिनीचा फक्त ढोबळ आकार उभा करतो आणि त्यावर एक मोठं चित्र ताणून बसवतो. या चित्राला टेक्स्चर म्हणतात. या गेममध्ये असं एक चित्र जवळजवळ दोन किलोमीटर लांब-रुंद मुलखावर ताणलेलं आहे आणि ते आहे फक्त १०२४ बाय १०२४ ठिपक्यांचं. हिशेब केला तर एका ठिपक्याच्या वाट्याला पावणेदोन मीटरहून जास्त जमीन येते. म्हणजे माझ्या उंचीचा माणूस आडवा झोपला तरी एका ठिपक्यात मावेल. मग चिखल दिसणार नाही तर काय?

बनवणाऱ्यांचा हा आळस नव्हता. हाच गेम ज्या एक्सबॉक्स ३६० वर चालायचा, त्याची सगळी मेमरी मिळून ५१२ एमबी. आज तुमच्या हातातल्या फोनमध्ये त्याच्या कितीतरी पट असते. लांबच्या वस्तूवर कमी मेहनत घ्यावी, हा विचारही जुनाच. जेम्स क्लार्क या संशोधकाने १९७६ सालच्या आपल्या लेखात तो नीट मांडला होता. लांबची वस्तू पडद्यावर चिमूटभर दिसते, तिच्यासाठी कम्प्युटरला का राबवायचं? संसारातही आपण हेच करतो. समोरचं आधी, लांबचं नंतर.

पण मला ते डोंगर नीट हवे होते. जगभरच्या हौशी मंडळींनी या गेमसाठी लांबच्या जमिनीची नवी चित्रं तयार करून फुकट दिलेली आहेत. त्यांतली सर्वांत मोठी, ४०९६ बाय ४०९६ ठिपक्यांची मी उतरवून घेतली. आधीच्या सोळापट ठिपके! एका ठिपक्याखाली आता जेमतेम दोन वीत जमीन. मूळ फाइल्सची प्रत बाजूला काढून ठेवली (हे विसरू नका, मी एकदा विसरले आणि सगळा गेम पुन्हा घालावा लागला). नवी चित्रं जुन्यांच्या जागी ठेवली आणि उत्साहाच्या भरात लांबचं धुकंही पार मागे ढकललं. मग लेकाला हाक मारली.

त्याने बघितलं आणि नाक मुरडलं. “आई, हे खोटं वाटतंय.”

मला राग आला. शनिवारची दुपार घालवली होती मी! पण जरा वेळाने पुन्हा बघितलं आणि वाटलं, पोरगं खरं बोलतंय. प्रत्येक कडा, प्रत्येक घळ कोरून काढल्यासारखी. इतकी स्पष्ट, की डोंगर लांब आहे असं वाटेचना. एवढा मोठा प्रांत, पण गणपतीपुढच्या देखाव्यातल्या पुठ्ठ्याच्या डोंगरांइतका लहान दिसायला लागला. मधल्या बुरुजाच्या शहराकडे चालत जायचा पूर्वी केवढा उत्साह असायचा, आता ते शेजारच्या गल्लीत असल्यासारखं. कम्प्युटरही धापा टाकत होता, ते वेगळंच.

तेव्हा लक्षात आलं, की लांबचं नीट दिसणं म्हणजे ते जवळच्यासारखं दिसणं नव्हे. मधली हवा असते ना! हवेचे कण निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून लांबचा डोंगर जरा निळसर आणि फिका दिसतो. त्या निळाईवरूनच आपल्याला अंतर कळतं. विखुरणाऱ्या प्रकाशाचा आयुष्यभर अभ्यास करणारे सी. व्ही. रामन १९३३ साली ज्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले, ती आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिच्या भिंतीकडेने रोज ये-जा करते आणि हे साधं गणित मला एका गेमने शिकवावं!

पुढचे दोन रविवार मी मधला मार्ग शोधण्यात घालवले. २०४८ ठिपक्यांची चित्रं घेतली. जवळचं गवत जिथे संपतं आणि लांबचं चित्र सुरू होतं, तिथे पूर्वी रंग एकदम बदलायचा, साडीला भलत्याच रंगाचं ठिगळ लावावं तसा. तो रंग जुळवला. धुकं परत आणलं, पण हलकं. आता डोंगर लांबही होता आणि डोंगरही होता. मी स्वतःवरच खूश होऊन पुन्हा हाक मारली.

तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “अजून चुकीचंच आहे. पहिलं होतं ना, ते बरोबर होतं.”

“अरे, पहिला तर चिखल होता!”

“मग? लांबचं तसंच दिसतं की. बाहेर पण.”

मी हसले. आणि मग हसता हसता थांबले.

त्याला गॅलरीत नेलं. समोर मेट्रो स्टेशनची मोठी पाटी आहे. “वाच.” त्याने वाचली, “यशवंतपूर.” मला हायसं वाटलं. मग शेजारी नवीन लागलेल्या जाहिरातीच्या फलकाकडे बोट दाखवलं. “आणि ते?” तो गप्प. “तिथे काय लिहिलंय ते मला कसं माहीत असणार?” पाटी तो वाचत नव्हताच. ती त्याला पाठ होती.

दुसऱ्याच दिवशी डोळे तपासले. दोन्ही डोळ्यांना उणे दीड. डॉक्टरांनी अर्थ सांगितला. चष्म्याविना याला साधारण ६६ सेंटिमीटरपर्यंतचं स्पष्ट दिसतं, त्यापुढचं जसजसं लांब, तसतसं पुसट. वर्गात तो पहिल्या बाकावर बसायचा, घरी पुस्तक नाकाशी. कधी तक्रार केली नाही. करणार तरी कशी? जगाला लांबचं असंच दिसतं, हीच त्याची समजूत.

घरी आल्यावर मी टेप घेऊन खुर्चीपासून कम्प्युटरच्या पडद्यापर्यंतचं अंतर मोजलं. साठ सेंटिमीटर. त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणजे गेमच्या पडद्यावरचा डोंगर त्याच्या डोळ्यांच्या टप्प्यात होता. गेल्या काही काळात माझ्या मुलाने स्पष्ट बघितलेला एकमेव डोंगर मी डाउनलोड केलेला होता. आणि तो त्याला खोटा वाटला होता.

मी दोन किलोमीटरवरच्या खोट्या दगडांचे ठिपके मोजत होते, आणि शेजारी उभ्या असलेल्या पोराला रस्त्यापलीकडचं दिसत नाही, हे मला कळलं नव्हतं. हे लिहिताना आजही लाज वाटते. “गेममुळे झालं का?” हाच माझा पहिला प्रश्न होता. डॉक्टर म्हणाले, एका गेमला दोष देऊ नका. तुम्हालाही चष्मा आहे, ते एक कारण. तासन्‌तास जवळचं बघणं, मग ते पुस्तक असो नाहीतर फोन, हे दुसरं. आणि मुलं बाहेरच्या उजेडात पुरेशी खेळत नाहीत, हे तिसरं. दिवसा बाहेर वेळ घालवणाऱ्या मुलांना असा चष्मा लागण्याचं प्रमाण कमी असतं, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. रोज दोन तास तरी बाहेर काढा, असं त्यांनी सांगितलं. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, ही समजूत चुकीची आहे, हेही बजावलं.

दिवाळीत आम्ही साताऱ्याला गेलो. आमच्या दारावरून जाणारा तुमकूर रोड म्हणजेच राष्ट्रीय महामार्ग ४८. हाच रस्ता हुबळी, बेळगाव, कोल्हापूर करत साताऱ्याला पोचतो. सव्वासातशे किलोमीटरच्या आसपास. इतकी वर्षं मी समजत होते की इथून लांबचं काही दिसत नाही. माहेर तर याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला होतं.

सकाळी बस कऱ्हाड सोडून पुढे निघाली आणि दोन्हीकडे डोंगर सुरू झाले. लेक खिडकीला चिकटला तो साताऱ्यापर्यंत हललाच नाही. घरी पोचल्यावर बाबांनी नेहमीप्रमाणे त्याला अंगणात नेलं. “तो बघ अजिंक्यतारा. वरचा टॉवर दिसतो का?” दर वर्षी ते हे विचारायचे आणि दर वर्षी तो “हो आजोबा” म्हणायचा.

या वेळी तो लगेच काही बोलला नाही. चष्मा काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मग आजोबांना म्हणाला, “मी दर वेळी उगीच हो म्हणायचो.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी पदराने चष्मा पुसत राहिले.

थोड्या वेळाने तो माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसला. “आई, दुसऱ्यांदा केलंस ना, ते बरोबर होतं. डोंगर निळाच असतो थोडासा.”

आपल्याकडे म्हणतात, दुरून डोंगर साजरे. पण दुरून ते साजरे दिसतात की नुसते धूसर, हे मुलं आपण होऊन सांगत नाहीत. त्यांना वाटतं, सगळ्यांना तसंच दिसतं. म्हणून विचारावं लागतं. आणि विचारताना त्यांना पाठ असलेली पाटी दाखवू नका, नवीन दाखवा. एक डोळा झाकून, मग दुसरा.