स्वमग्न आरोपीची बाजू

हिंगोलीच्या सत्र न्यायालयात सरकारी पक्षाचा पुरावा संपला की न्यायाधीश आरोपीला थेट प्रश्न विचारतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५१व्या कलमाखालचा हा जबाब म्हणजे आपली बाजू स्वतःच्या तोंडून मांडण्याची संधी. पण उभा असलेला तरुण स्वमग्न असेल तर? तो नजर टाळेल, विचारलेलाच शब्द पुन्हा उच्चारेल, भरल्या कोर्टात हात हलवत राहील. पाहणाऱ्याला त्यात उर्मटपणा दिसेल, नाहीतर मनातला चोर.

टेक्सासमध्ये असंच काहीसं घडलं. २००२ साली रॉबर्ट रॉबर्सन आपल्या दोन वर्षांच्या बेशुद्ध मुलीला घेऊन रुग्णालयात आला. त्याच्या चेहऱ्यावर दुःख दिसत नाही, हे तिथल्या अनेकांना खटकलं. मुलगी वाचली नाही. २००३ मध्ये तिच्या खुनासाठी त्याला मृत्युदंड झाला. स्वमग्नतेचं निदान झालं ते २०१८ मध्ये. तपास करणारा पोलीस अधिकारीच पुढे रॉबर्सन निर्दोष असल्याचं सांगू लागला. २०२४ आणि २०२५ मध्ये त्याच्या मृत्युदंडाची अंमलबजावणी ऐनवेळी थांबवावी लागली.

दुसरं टोक टोरांटोचं. २३ एप्रिल २०१८ रोजी एका तरुणाने पादचाऱ्यांवर व्हॅन घातली. स्वमग्नतेमुळे आपलं कृत्य चूक आहे हे त्याला उमगलं नाही, असा बचाव झाला. स्वमग्न व्यक्तींसाठी काम करणाऱ्या संस्था या युक्तिवादाने दुखावल्या. असा शिक्का बसला की तो प्रत्येक निरपराध मुलावर बसतो. न्यायमूर्ती अ‍ॅन मॉलॉय यांनी मार्च २०२१ मध्ये त्याला दोषी ठरवलं. स्वमग्नता कायद्याच्या दृष्टीने मानसिक विकार ठरू शकते हे त्यांनी मान्य केलं, पण खून करणं चूक आहे हे त्याला कळत होतं.

हा निकाल योग्यच होता. आपल्याकडेही भारतीय न्याय संहितेचं २२वं कलम, म्हणजे जुन्या दंडविधानातलं ८४वं, हेच विचारतं: कृत्याच्या क्षणी त्याचं स्वरूप किंवा त्यातला चुकीचेपणा जाणण्याची क्षमता मनोविकलतेमुळे नव्हती का? हे दाखवण्याचा भार आरोपीवर. महाराष्ट्रातला एक पोलीस शिपाई पत्नीच्या खुनाच्या आरोपातून २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुटला, तो स्किझोफ्रेनियाच्या उपचारांच्या नोंदी हाताशी होत्या म्हणून.

स्वमग्नता मात्र आजार नव्हे. ती जन्मापासूनची जडणघडण. ती सरसकट २२व्या कलमात कोंबू नये. तिची खरी जागा हेतूच्या प्रश्नात आहे. मानसिक अवस्थेच्या पुराव्यामुळे हेतूबद्दलच वाजवी शंका आली तर आरोपी सुटू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्येच सांगितलं आहे. एखादा मुलगा अनोळखी मुलीच्या मागे चालत राहतो. तिची भीती खरी असते आणि तिचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. पण त्याच्या मनात छळ होता की तिच्या ओढणीचा रंग, हेही शोधलंच पाहिजे.

ते शोधायला निदानाचा कागद लागतो आणि इथेच हिंगोलीची पंचाईत होते. हा जिल्हा मराठवाड्यातला. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही राज्यातली चारही जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं मराठवाड्याबाहेर. दिव्यांग हक्क कायद्याने २०१६ मध्ये २१ दिव्यांगत्वांत स्वमग्नतेची नोंद केली, १२व्या कलमात न्यायालयाची वाट सुगम करण्याचं बंधनही घातलं. पण सेनगाव किंवा औंढ्याच्या एखाद्या वाडीत असं पोरगं ‘येडं’ नाहीतर ‘भोळं’ म्हणूनच वाढतं. पुण्यातल्या मुलाजवळ तिसऱ्या वर्षापासूनची फाईल असू शकते. वाडीतल्या पोराचं निदान विसाव्या वर्षी, अटक झाल्यावर झालं, तर सरकारी वकील त्याला सहज सबब म्हणू शकतो. एकच अवस्था, पण बचाव ज्याच्याकडे कागद त्याचा.

म्हणून विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळणाऱ्या मोफत वकिलाने पहिल्याच भेटीत आरोपीच्या आईजवळ बसावं. पोरगं बोलायला कधी लागलं, गोंगाटात काय करायचं, शाळा का सुटली, हे विचारून तज्ज्ञांच्या तपासणीचा अर्ज जामिनाच्या टप्प्यावरच द्यावा. पोलिसांपुढचा जबाब कागदावर उतरला की त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ दुसऱ्याच कुणीतरी लावून टाकलेला असतो.