आस्वाद : जिभेचा आणि समीक्षेचा

'आस्वाद' ही संज्ञा आपल्या समीक्षेत इतकी रुळली आहे की तिचे मूळ जिभेशी आहे याचे भान सहसा राहत नाही. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस समजावताना नाना व्यंजनांनी सिद्ध केलेल्या अन्नाचाच दृष्टान्त दिला. उलट कांटने जिभेची रुची सौंदर्यविचाराच्या उंबरठ्याबाहेर ठेवली. कॅनरी बेटांचे मद्य सुखद आहे असे म्हणणाऱ्याने त्यापुढे 'मला' हा शब्द जोडलाच पाहिजे, असा त्याचा आग्रह. या दोन भूमिकांमधील अंतराचा विचार मला प्रत्यक्षात करावा लागला तो एका सिंगल माल्टमुळे : ग्लेनफार्क्लास, पंचवीस वर्षे मुरलेली.

स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातील ही डिस्टिलरी १८६५ पासून ग्रँट घराण्याकडे आहे, आणि तिची व्हिस्की मुख्यतः ओलोरोसो शेरीच्या ओक पिंपांत मुरते. पिंपातून दरवर्षी सुमारे दोन टक्के मद्य हवेत विरते. म्हणजे पंचवीस वर्षांत पाच हिश्श्यांपैकी दोन नाहीसे होतात. पूर्वी शेरी पिंपांतूनच ब्रिटनला जाई आणि रिकामी पिंपे व्हिस्कीला आयती मिळत. १९८०च्या दशकापर्यंत ही वाट बंद झाली. आता बहुतेक पिंपे व्हिस्कीसाठीच घडवून, त्यांत काही काळ शेरी मुरवून पाठवली जातात. संस्कारही मागणीनुसार घडवता येतो, हे साहित्याच्या अभ्यासकाला नवे नाही.

पेला नाकाशी नेला की प्रथम खारीक, काळे मनुके आणि नारंगीची वाळलेली साल जाणवते. मग जायफळ, आणि त्यामागून जुन्या ग्रंथाची चामडी बांधणी. जिभेवर काकवीचा दाट गोडवा उतरतो, त्याला ओकचा तुरटपणा छेद देतो, आणि अक्रोडाच्या सालीचा कडसरपणा बराच वेळ रेंगाळतो. इंग्रजी आस्वादक या ठिकाणी नाताळच्या केकचे स्मरण करतात. तो केक माझ्या बालपणी नव्हता. देवघरातली खारीक होती. तेव्हा माझी खारीक हे त्यांच्या केकचे भाषांतर नव्हे. दोघेही आपापल्या स्मृतिसंचयातून एकाच वस्तूकडे बोट दाखवत आहोत.

पण ती वस्तू एकच आहे याला प्रमाण काय? ह्यूमने १७५७च्या निबंधात डॉन किहोतेमधील सँचोच्या दोन नातलगांची गोष्ट घेतली आहे. मद्य चाखून एकाला चामड्याची चव लागली, दुसऱ्याला लोखंडाची. लोक हसले, पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामडी वादी बांधलेली किल्ली निघाली. माझ्या पेल्यातील चामड्याला मात्र असा पुरावा नाही. त्या पिंपाच्या तळाशी ना चामडे, ना खारीक. येथे आपल्या परंपरेतील पानकरसन्याय मला अधिक जवळचा वाटतो : पानकाची चव त्यातील गुळाची नसते, मिरीचीही नसते, ती घटकांच्या मेळातून उपजलेली निराळीच असते.

तरीही हा प्रश्न केवळ न्यायाने सुटत नाही, हे मला २०२१मध्ये कळले. करोनाच्या आजारात माझी घ्राणशक्ती काही महिने लोपली. याच व्हिस्कीचा घोट घेतला असता गोड, कडू आणि जळजळ एवढेच हाती लागले. वहीत माझी जुनी नोंद होती. तिच्यातील एकही शब्द दुर्बोध नव्हता. त्या नोंदीवर मी तासभर व्याख्यान सहज देऊ शकलो असतो, आणि श्रोत्यांना काही उणे जाणवले नसते. अस्वस्थ करणारे होते ते हेच. आस्वादावाचून समीक्षेची भाषा सुरळीत चालू शकते, आणि ती तशी चालली आहे हे बाहेरून ओळखता येत नाही.

गंध परतला तो तुटकपणे. महिनाभर नुसता धुरकटपणा जाणवे. मग मी नोंद समोर ठेवून 'नारंगीची साल' हे शब्द मनात धरून पेला हुंगू लागलो, आणि एके दिवशी ती साल सापडली. खारीक त्याहून उशिरा आली. चामडे अद्याप आलेले नाही. म्हणजे शब्द अनुभवाची जागा घेऊ शकत नाही, पण अवधानाला दिशा देऊ शकतो. समीक्षकाचे विधान मला आता असे दिसते : त्यात कांटच्या 'मला'पेक्षा अधिक काही आहे, ह्यूमच्या किल्लीइतका भक्कम पुरावा मात्र नाही. ते दुसऱ्याला पुन्हा कृतीकडे वळण्याची केलेली विनंती असते. तेथे जाऊन त्याला चामड्याऐवजी तंबाखू सापडला, तरी ती विनंती वाया गेली असे मी म्हणणार नाही.